फ्लास्क नितळ झाला, तरी काम संपवू नका

कृत्रिम रंग मोडणाऱ्या जिवाणूंवर काम करणारे संशोधक, त्यांचे मार्गदर्शक आणि त्यांचे शोधनिबंध तपासणारे परीक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक आहे. गाळातून जिवाणू वेगळे काढायचे, रंग मिसळलेल्या आगर प्लेटवर पसरायचे, ज्या वसाहतीभोवती रंग उडून पांढरं कडं दिसेल तिला निवडायचं आणि मग फ्लास्क, शेकर, सेंट्रिफ्यूज, क्युवेट या चक्रात महिनोन् महिने फिरायचं, हे सगळं मी केलं आहे. त्या पांढऱ्या कड्याचा आनंदही मला ठाऊक आहे. सकाळी इन्क्युबेटर उघडावा आणि काल शाईसारखा असलेला फ्लास्क फिकट पिवळा दिसावा, यासारखं सुख प्रयोगशाळेत क्वचितच मिळतं. म्हणूनच आज जे लिहितो आहे ते बाहेरून केलेली टीका समजू नका. ज्या ठिकाणी मी स्वतः चुकलो, तिथे उभा राहून लिहितो आहे.

माझा रंग होता रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५. कापूस काळा रंगवायला जगभर वापरतात तो. पाण्यात तो गर्द निळा दिसतो आणि ५९७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतो. माझ्या जिवाणूने तो एका रात्रीत, फ्लास्क न हलवता, जवळजवळ पूर्ण उतरवला. मी ५९७ वर शोषण मोजलं, टक्केवारी काढली, वहीत लिहिली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी घाईत एक फ्लास्क बाकावर तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पृष्ठभागापासून दोन बोटं खोलपर्यंत पाणी तपकिरी-जांभळं झालेलं. फ्लास्क हलवला तर तो रंग खालीही पसरला. निळा परत आला नव्हता, हे निराळंच काहीतरी होतं. मी काय केलं? फ्लास्क धुऊन टाकला. ५९७ वरचा आकडा चांगला आला होता, निबंधात तोच जाणार होता. माझ्या मार्गदर्शकांनाही मी हे दाखवलं नाही. तो तपकिरी फ्लास्क इतकी वर्षं माझ्या मनातून गेलेला नाही आणि या पत्राचं कारण तोच आहे.

रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ च्या रेणूत दोन ॲझो बंध असतात. ॲझो बंध म्हणजे दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी पूल. त्याच्या दोन्ही टोकांना ॲरोमॅटिक कडी असतात आणि पुलामुळे त्या कड्यांमधले इलेक्ट्रॉन एका सलग पट्ट्यासारखे वागतात. हा सलगपणा दृश्य प्रकाश गिळतो, म्हणून डोळ्याला रंग दिसतो. पूल तोडला की पट्टा तुटतो आणि रंग जातो. पण पुलाच्या अलीकडचं आणि पलीकडचं गाव जागेवरच राहतं. दोन बंध तुटले की या एका रेणूचे तीन तुकडे होतात आणि तिन्ही अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा अमिनो गट असलेले रेणू, असतात. मधला तुकडा तीन अमिनो गट आणि एक हायड्रॉक्सिल गट असलेलं नॅफ्थलीन असतो. तो हवेतल्या ऑक्सिजनशी आपोआप संयोग पावतो आणि पुन्हा रंगीत पदार्थ बनवतो. माझा तपकिरी फ्लास्क त्याचाच होता. मी ज्याला ‘रंगनाश’ म्हणून रेघा मारल्या, तिथे प्रत्यक्षात एका रेणूच्या जागी तीन नवे रेणू आले होते. त्यांतला एक स्वतःहून ओरडून सांगत होता आणि मी त्याला बेसिनमध्ये ओतून दिला.

आता हे काम करणाऱ्या विकराकडे (एन्झाइमकडे) बघू. त्याचं नाव ॲझोरिडक्टेज. ते सहसा एफएमएन हा फ्लेविन, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणारा मदतनीस रेणू, सोबत बाळगतं. एनएडीएच किंवा एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉन-दात्यांकडून दोन इलेक्ट्रॉन आधी या फ्लेविनवर येतात, दाता निघून जातो, मग रंगाचा रेणू त्याच जागी बसतो आणि इलेक्ट्रॉन घेतो. एका फेरीत बंध फक्त अर्धा सुटतो, हायड्रॅझो अवस्थेपर्यंत. पूर्ण तोडायला दोन फेऱ्या, म्हणजे चार इलेक्ट्रॉन लागतात. रचनेच्या दृष्टीने हे विकर सुंदर आहे आणि कमालीचं चोखंदळही असू शकतं. झिमरमन, कुल्ला आणि लाइझिंगर यांनी १९८२ साली ऑरेंज २ हा ॲझो रंग तोडणारं जे विकर शुद्ध केलं, त्याला नॅफ्थॉलच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट नेमका दुसऱ्या स्थानी हवा असतो. तो चौथ्या स्थानी गेला की रंग ऑरेंज १ होतो आणि हे विकर त्याला हात लावत नाही. इतकं नेमकेपण असलेल्या विषयात आपण एका तरंगलांबीवरचा एक आकडा देऊन मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

हा विषय नुसत्या शास्त्रीय काटेकोरपणाचा असता तर खुलं पत्र लिहिलं नसतं. अमाइनांचा इतिहास माणसांच्या आजारांचा आहे. पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये डायझो अभिक्रिया प्रसिद्ध केली आणि तिच्यातून पुढे हजारो ॲझो रंग निघाले. पुढच्या चाळीस वर्षांच्या आत, १८९५ मध्ये, फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याचं मांडलं. १९३८ मध्ये विल्हेल्म ह्यूपर यांनी २-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग होतो हे दाखवलं. आज हे अमाइन आणि बेंझिडीन, दोन्ही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहेत. आता काँगो रेड आठवा. आपल्या किती प्लेटवर तो असतो! त्याचे दोन्ही ॲझो बंध तोडले की मध्ये उरतं ते बेंझिडीन. ‘काँगो रेडचा रंग पूर्ण उतरला’ हे वाक्य लिहिताना हात थबकायला हवा.

युरोपीय संघाने २००२ साली ज्या ॲझो रंगांवर बंदी घातली, त्यामागचं तर्कशास्त्र पाहा. रंग स्वतः विषारी आहे की नाही हा प्रश्न तिथे दुय्यम आहे. त्याचा ॲझो बंध तुटल्यावर यादीतल्या २२ अमाइनांपैकी एखादं बाहेर पडतं का, एवढंच बघतात. त्वचेला सतत लागणाऱ्या कापडात वा चामड्यात असं अमाइन किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं, की माल बाद. आणि ते तपासतात कसं? कापडाचा तुकडा सहा सामूच्या (पीएच) द्रावणात ७० अंशांवर ठेवायचा, सोडियम डायथायोनाइट घालून ॲझो बंध मुद्दाम तोडायचे आणि बाहेर आलेली अमाइन मोजायची. म्हणजे जी क्रिया तिथे धोका उघड करण्यासाठी करतात, तीच क्रिया आपण जिवाणूकडून करवून घेतो आणि तिला ‘पाण्याचं शुद्धीकरण’ हे नाव देतो. मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

याचा अर्थ जिवाणू विष बनवतात असाही नाही, आणि तसं मी कुणाला म्हणू देणार नाही. बंध तुटल्यावर काय निघतं हे पूर्णपणे रंगावर अवलंबून असतं. सल्फोनेट हा गंधकाचा, ऋणभारित गट असलेली अमाइन सहसा पेशीत शिरत नाहीत आणि त्यांचा जनुकांवरचा परिणाम साध्या अमाइनांपेक्षा बराच सौम्य असतो. त्यांची अडचण अशी की ती पाण्यात टिकून राहतात. आणि ॲझो बंध तुटून माणसाचं भलं झाल्याचं उदाहरणही आहे. प्रोन्टोसिल हा लाल ॲझो रंगच होता. गेर्हार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा एक कोडं उरलं होतं: उंदरात तो जंतुसंसर्ग बरा करतो, परीक्षानळीत मात्र त्याच जंतूंवर काहीच चालत नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्रेफुएल दांपत्य, निती आणि बोवे यांनी ते सोडवलं. शरीरात ॲझो बंध तुटतो आणि निघालेला रंगहीन तुकडा, सल्फानिलअमाइड, हेच खरं औषध. रंगात सगळं लक्ष अडकलं असतं तर सल्फा औषधं कळायला आणखी वेळ गेला असता. रंग गेल्यावर उरलेल्या पाण्यात काय आहे, हे त्यांनी विचारलं. आपणही तेवढंच विचारायचं आहे.

ॲझो रंगांपुरतंच हे आहे असंही नाही. मॅलकाइट ग्रीनवर काम करणाऱ्यांनी तर दुप्पट जागं राहायला हवं. सिट्रोबॅक्टर या जिवाणूतलं ट्रायफेनिलमिथेन रिडक्टेज हे विकर एनएडीपीएचकडून हायड्राइड घेऊन रेणूच्या मधल्या कार्बनवर ठेवतं आणि हिरवा रंग क्षणात जातो. रेणू मात्र अखंड असतो. तो ल्यूको मॅलकाइट ग्रीन झालेला असतो: रंगहीन, चरबीत सहज विरघळणारा, माशांच्या मांसात मूळ रंगापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकणारा आणि ऑक्सिडीकरण झालं की पुन्हा हिरवा होणारा. इथे रंग तुटलेलासुद्धा नसतो, नुसता लपलेला असतो. मी असे निबंध वाचले आहेत ज्यांत हिरव्याचा पारदर्शक झालेला फ्लास्क मुखपृष्ठासारखा छापलेला असतो आणि ‘ल्यूको’ हा शब्द शोधूनही सापडत नाही.

आता जरा अवघड बोलतो, कारण हे माझ्या मित्रांनाही लागेल.

आपल्या कितीतरी निबंधांत एक तक्ता असतो. डावीकडे विकरांची नावं: ॲझोरिडक्टेज, एनएडीएच-डीसीआयपी रिडक्टेज, लॅकेज, टायरोसिनेज, लिग्निन पेरॉक्सिडेज. उजवीकडे रंग घालण्याआधीची आणि नंतरची क्रियाशीलता. ज्याची वाढली त्याने रंग मोडला, असा निष्कर्ष. मीही असा तक्ता केला आहे. पण पेशीत रंग घातला की तिच्यावर ताण येतो आणि ताणाखाली अनेक विकरं वाढतात. क्रियाशीलता वाढली म्हणजे काम त्याच विकराने केलं, हे सिद्ध होत नाही. त्यातून लिग्निन पेरॉक्सिडेज हे मुळात लाकूड कुजवणाऱ्या बुरशींचं विकर. जिवाणूंत त्या जागी बहुधा डीवायपी, म्हणजे रंगनाशक पेरॉक्सिडेज असतं. तेही आधी १९९९ मध्ये एका बुरशीतून शुद्ध झालं आणि मग जिवाणूंच्या जनुकसंचांत जागोजागी सापडलं. चाचणीत शोषण वाढलं म्हणून तक्त्यात बुरशीच्या विकराचं नाव टाकणं बरोबर नाही. ज्या विकरावर संशय आहे त्याचं जनुक काढून टाका आणि जिवाणूचा रंग मोडण्याचा वेग पाहा. तेवढं शक्य नसेल तर तक्त्याखाली ‘संबंध असू शकतो’ असं लिहा. या शब्दांनी निबंधाचं वजन कमी होत नाही.

जनुक काढण्याचा हट्ट का, तेही सांगतो. ज्ञात ॲझोरिडक्टेजं बहुतेक पेशीच्या आत, पेशीद्रवात असतात. कापडाला लागणारे पुष्कळ रंग मोठे आणि सल्फोनेट गटांनी भारलेले असतात, ते पेशीपटलातून आत जातच नाहीत. पेशी फोडून काढलेल्या अर्कात विकर आणि रंग समोरासमोर येतात आणि जोरदार अभिक्रिया दिसते. अखंड पेशीत त्यांची गाठच पडत नाही. मग बाहेरचा रंग कोण मोडतं? स्टुटगार्टच्या गटाने बीएन६ या स्फिंगोमोनासवर काम करून १९९७ मध्ये याचं फार देखणं उत्तर दिलं. हा जिवाणू नॅफ्थलीन सल्फोनेट खात असताना क्विनोनसारखे छोटे रेणू बाहेर सोडतो. ते पेशीपटलावरून इलेक्ट्रॉन उचलतात, बाहेरच्या रंगाला नेऊन देतात आणि पुन्हा पेशीकडे परततात. टपाल नेणाऱ्या माणसासारखे त्यांचे हेलपाटे चालू असतात. रंग मोडण्याचं श्रेय आपण ज्या आतल्या विकराला दिलं, त्याचा इथे कदाचित काही संबंधही नसतो. एवढ्यावरून कळावं की आपला विषय ‘रंग गेला, किती टक्के’ यापेक्षा किती श्रीमंत आहे!

काही साध्या गोष्टी भरभर सांगतो, कारण त्या तुम्हाला माहीत आहेत, फक्त आपण त्या गाळतो. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढल्यावर तळाचा पेलेट, म्हणजे पेशींचा गोळा, पाहा. तो निळा, लाल, हिरवा दिसला तर रंग मोडला नाही, पेशींना चिकटला. मृत पेशींचा फ्लास्क सोबत ठेवाच. मिथिल रेड किंवा काँगो रेड असेल तर सामू मोजा, कारण जिवाणूने माध्यम आम्ल वा अल्कली केलं तरी हे रंग आपली छटा बदलतात आणि आपल्याला वाटतं काम झालं.

माध्यमाबद्दल मात्र थोडं थांबतो. आपण यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, ग्लुकोज घालून जिवाणूला मेजवानी देतो आणि मग त्यात शुद्ध रंगाची चिमूट टाकतो. रंगाईच्या कारखान्यातलं सांडपाणी असं नसतं. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापसाला पक्का बसावा म्हणून लिटरला कित्येक ग्रॅम मीठ घालतात, सामू दहा-अकरावर नेतात, पाणी गरम ठेवतात. त्या अल्कलीत रंगाचा एक मोठा वाटा कापसाशी जुळण्याऐवजी पाण्याशीच जुळतो. कापसाशी बंध करणारा त्याचा हात तिथेच संपतो आणि तो कायमचा सांडपाण्यात जातो. म्हणजे बाहेर येतं ते जलविच्छेदन झालेलं रूप, बाटलीतली शुद्ध पावडर नव्हे. सोबत ओलावा धरणारे पदार्थ, मऊपणा देणारे पदार्थ, इतर रंग असतात. आपला जिवाणू तिथे जगेल का, हा पहिला प्रश्न. आणि जगावा म्हणून यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ओतलं, तर ज्या पाण्याचा सेंद्रिय भार कमी करायचा होता त्यातच आपण भर घालतो. निदान एक फ्लास्क तरी खऱ्या सांडपाण्याचा, काही न घालता ठेवा. त्यात आलेला आकडा कमी असला तरी निबंधात छापा. माझ्या लेखी तोच आकडा सगळ्यांत मोलाचा.

सुट्या विकरावर काम करणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे आणि त्यांच्याबद्दल मला फार आशा आहे. ॲझोरिडक्टेजला प्रत्येक रेणूमागे महागडं एनएडीएच लागतं, म्हणून ते पेशीबाहेर वापरणं कठीण. लॅकेजला ते लागत नाही. त्याच्या पोटातले तांब्याचे चार अणू रंगाकडून इलेक्ट्रॉन काढून थेट हवेतल्या ऑक्सिजनला देतात आणि त्याचं पाणी होतं. बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूच्या आवरणातलं कॉटए हे लॅकेज उष्णता चांगलं सोसतं, आणि रंगाईच्या गरम पाण्याला असंच विकर हवं. शिवाय फिनॉल गट असलेल्या ॲझो रंगांवर लॅकेज ऑक्सिडीकरणाने काम करतं, तेव्हा ॲझो बंधातले दोन नायट्रोजन वायू होऊन उडून जाऊ शकतात आणि त्या ठिकाणी अमाइन तयारच होत नाही. हे बुरशीच्या लॅकेजबाबत १९९५ मध्ये चिवुकुला आणि रंगनाथन यांनी दाखवलं. रिडक्टेज आणि लॅकेज दोघांचाही फ्लास्क सारखाच नितळ दिसेल, पण दोन्ही पाणी एकसारखं नाही. लॅकेजमधून निघालेले मूलक (अतिक्रियाशील तुकडे) पुन्हा एकमेकांना जोडून मोठे तपकिरी रेणू बनवू शकतात, तेही सांगायला हवं. आणि डीवायपीचा जीव आम्लात रमतो, सामू तीन ते पाचमध्ये. रंगाईचं पाणी दहाचं. हे अंतर कसं कापणार, ते निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ढकलू नका, तिथूनच सुरुवात करा.

मग पुरं काम कुठे होतं? दोन टप्प्यांत. पहिला ऑक्सिजनशिवाय, कारण ऑक्सिजन असला की इलेक्ट्रॉन रंगाऐवजी तोच पळवतो. आपले सगळे फ्लास्क न हलवताच चांगले का चालतात, त्याचं कारण हेच. दुसरा टप्पा हवेत, कारण अमाइनांची कडी फोडायला ऑक्सिजन लागतो. १९९१ मध्ये क्नाकमुस यांच्या गटाने मॉर्डंट यलो ३ वर हे करून दाखवलं. त्याच बीएन६ ने हवेविना ॲझो बंध तोडला, मग हवा सोडल्यावर जिवाणूंच्या समुदायाने दोन्ही अमाइन खाऊन संपवली. त्याच गटाचं १९९३ चं एक काम मला फार आवडतं. सल्फानिलिक आम्ल हे सल्फोनेट गटाचं अमाइन एकट्याने पचवणं जिवाणूंना जड जातं, तिथे त्यांनी दोघांची जोडी अभ्यासली: एक हायड्रोजेनोफॅगा, एक ॲग्रोबॅक्टेरियम. पहिला आम्लाचा अमिनो गट काढून सल्फोकॅटेकॉल बनवतो, त्यातलं काही त्याच्याकडून बाहेर निसटतं, ते दुसरा खातो आणि बदल्यात पहिल्याला हवी ती जीवनसत्त्वं पुरवतो. प्लेटवर एकेक वसाहत उचलून ‘माझा जिवाणू’ शोधण्याच्या आपल्या सवयीत अशी जोडी हातातून निसटते, कारण आपण तिला पहिल्याच दिवशी वेगळं करतो.

तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, आमच्याकडे द्रव्यमान वर्णपटमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) नाही, निधी नाही, विद्यार्थ्याला तीन वर्षांत पदवी हवी. हे मला मान्य आहे, माझ्याकडेही नव्हतं. म्हणून स्वस्तातलं सांगतो. एका तरंगलांबीऐवजी २०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण आलेख काढा. दृश्य भागातला डोंगर खाली येताना अतिनील भागात नवा उंचवटा उठतो का ते दिसेल. उतरलेलं पाणी पेशी काढून चोवीस तास हवेत हलवा आणि पुन्हा मोजा. सेंद्रिय कार्बन मोजता आला तर उत्तम: रंग पूर्ण गेला आणि कार्बन जिथल्या तिथे, तर काय घडलं ते कुणीही सांगेल. बियांच्या अंकुरणाची चाचणी आपण सगळे करतो आणि ती करायलाही हवी, पण मूग उगवले म्हणून पाणी कर्करोगाच्या दृष्टीने निर्धोक ठरत नाही. त्यासाठी एखादा पदार्थ जनुकांत बदल घडवतो का हे जिवाणूंवर पाहणारी एम्स चाचणी आहे आणि ॲझो रंगांसाठी तिचं साधं रूप पुरत नाही, कारण त्यात ॲझो बंध नीट तुटतच नाही. प्रायव्हल आणि मिचेल यांनी १९८२ मध्ये तिच्यात एफएमएन आणि हॅमस्टरच्या यकृताचा अर्क घालून हीच उणीव भरली. तुम्ही रंग मोडण्याआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही पाण्यांवर चाचणी करत असाल, तर पद्धत कोणती हे नक्की लिहा.

आणि अमाइन पकडायची एक चाचणी तर कुठल्याही प्रयोगशाळेत होते. ब्रॅटन आणि मार्शल यांनी ती १९३९ मध्ये रक्तातलं सल्फानिलअमाइड मोजण्यासाठी दिली, म्हणजे प्रोन्टोसिलच्या गोष्टीचाच पुढचा भाग. पाणी आम्ल करायचं, सोडियम नायट्राइट घालायचं, काही मिनिटांनी जादा नायट्राइट अमोनियम सल्फामेटने मारायचं आणि शेवटी नॅफ्थिल इथिलिनडायअमाइनचे थेंब. प्राथमिक ॲरोमॅटिक अमाइन असेल तर गुलाबी-जांभळा रंग येतो. ही ग्रीस यांचीच १८५८ ची अभिक्रिया: रंग बनवायला वापरली तीच आता तुकडे शोधते. सगळीच अमाइन तिच्यात सापडत नाहीत, शेजारी शेजारी दोन अमिनो गट असलेली निसटतात, पण ‘काहीच उरलं नाही’ असं लिहिण्यापूर्वी ती करायलाच हवी.

मार्गदर्शकांना एक विनंती. विद्यार्थी विचित्र रंगाचा फ्लास्क घेऊन आला तर त्याला ‘पुन्हा कर’ म्हणण्याआधी तो फ्लास्क उजेडात धरून बघा. माझ्यासारखे काही जण तो घेऊन येतच नाहीत, कारण त्यांना वाटतं की चांगला आकडाच दाखवायचा असतो. ही भीती तुम्ही घालवू शकता. परीक्षकांनो, ‘निर्विषीकरण’ हा शब्द शीर्षकात दिसला की तुकड्यांची ओळख आणि हिशेब मागा. नसेल तर शीर्षकात ‘विरंगीकरण’ असू द्या, तो शब्द खरा आहे आणि त्यात कमीपणा नाही. आणि जिवाणू सार्वजनिक संवर्धन संग्रहात जमा केल्याशिवाय निबंध स्वीकारू नका. शीतपेटी बंद पडली, विद्यार्थी निघून गेला आणि निबंधातला तो विलक्षण जिवाणू जगात कुठेच उरला नाही, असं होऊ नये.

बऱ्याच काळानंतर मी जुना प्रयोग पुन्हा केला. तोच रंग, तसाच जिवाणू, न हलवलेला फ्लास्क. सकाळी पाणी फिकट झालं होतं. ५९७ वर जवळपास काही नव्हतं. पेशी काढून टाकल्या, वरच्या पाण्याचे पाच मिलिलिटर नळीत घेतले, आम्ल घातलं, नायट्राइट, मग सल्फामेट, मग शेवटचे थेंब. नळी हातात धरूनच उभा होतो. तळाशी आधी एक पुसट गुलाबी ढग आला, मग तो वर चढला, आणि मिनिटाभरात नळीभर गडद जांभळा-गुलाबी रंग उभा राहिला. या वेळी मी वहीत ५९७ चा आकडा लिहिला आणि त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, या नळीचाही.

तुमच्या पुढच्या निबंधात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहायला मिळावेत, ही विनंती.

आपला,
तुमच्यातलाच एक